मुठीत येणारी जर्सी : फुटबॉल स्पर्धा भरवणाऱ्यांना एका टेलरचं खुलं पत्र

प्रति,
यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावच्या फुटबॉल स्पर्धांची आयोजक मंडळं, पंच मंडळी, शाळांचे क्रीडाशिक्षक आणि जिल्हा क्रीडा कार्यालय

सप्रेम नमस्कार.

मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात कपडे शिवतो. दुकानाला २२ वर्षं झाली. शाळेचे गणवेश, लग्नसराईत ब्लाउज, पोळ्याच्या आधी बैलांच्या झुली, आणि दिवाळी ते संक्रांत या दिवसांत फुटबॉलच्या फाटक्या जर्स्या. या जर्स्यांबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्या बैठकीत मला जागा नाही, म्हणून उघड पत्र लिहितो आहे. खेळाडूंनी आणि त्यांच्या आईबापांनीही ते वाचावं.

दुरुस्तीला आलेला कपडा हातात घेतला की तो कसा फाटला ते मला कळतं. काळ्या मातीवर पडून फाटलेली जर्सी कोपराला नाहीतर पोटाशी घासलेली असते. खिळ्याला किंवा कुंपणाच्या तारेला अडकली असेल तर फाटा तिरपा जातो. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जर्स्या पाठीवर उसवलेल्या असतात, बगलेच्या थोडं खाली, बाजूच्या शिवणीपाशी. तिथं दोरा आधी ताणला गेलेला असतो, मग टाके एकामागून एक सुटलेले असतात, आणि शिवण जिथं दगा देते तिथून कापड चिरत गेलेलं असतं. असं फाटायला मागून कुणीतरी मूठभर कापड धरून जोराने ओढावं लागतं. दुसऱ्या कशानेही कपडा असा फाटत नाही.

मी स्वतः तरुणपणी बॅकला, म्हणजे बचावाच्या फळीत, खेळलो आहे आणि मीही शर्ट धरले आहेत. आमच्या वेळी बरेच दिवस बनियनवरच खेळ चालायचा. ज्याच्या अंगावर बनियन, त्याला धरायचं कुठं? पुढे कुणी दात्याने संघाला जर्स्या दिल्या, गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या, आणि पहिल्याच सामन्यात माझ्या हाताला समोरच्याचं कापड लागलं. मला कुणी शिकवलं नव्हतं. तो वेगाने निघाला, माझा पाय मागे पडला आणि हात आपोआप पुढे गेला. नंतर त्याची सवय झाली. आज त्याची मला लाज वाटते, आणि हे पत्र लिहिण्यामागे तीही आहे.

शर्ट ओढणारा सहसा समोरच्याला पाडायला ओढत नाही. पाडलं तर सगळ्यांना दिसतं. त्याला फक्त एक पाऊल हवं असतं. पळणाऱ्याचा एक पाय हवेत असतो, नेमक्या त्या क्षणी पाठीमागून हलका झटका दिला की पुढचं पाऊल आखूड पडतं, तोल खांद्याकडे जातो आणि चेंडू हातभर पुढे निघून जातो. तेवढ्यात बॅक पुढे येतो आणि हात सोडतो. रेफ्री मागून पळत येत असला तर त्याला दोन खेळाडू शेजारी शेजारी पळताना दिसतात, बाकी काही नाही. ज्याचा शर्ट ओढला तो ओरडला तर बाहेरचे लोक त्यालाच हसतात. "पडला तं नाई नं, मंग काह्याचा फाउल?" हे वाक्य मी आपल्या मैदानांवर इतक्यांदा ऐकलंय की तोच नियम असावा असं पोरांना वाटायला लागलंय.

तो नियम नाही. फुटबॉलच्या १२व्या नियमात प्रतिस्पर्ध्याला धरणं हा डायरेक्ट फ्री किकचा गुन्हा आहे. हाताचा स्पर्श अंगाला असो की कपड्याला, त्याने पुढच्याची हालचाल अडली की फाउल झाला. पडायची अट त्यात कुठेच नाही. डीच्या आत, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत, धरलं तर पेनल्टी, आणि डीच्या बाहेर धरायला सुरुवात करून आत जाईपर्यंत सोडलं नाही तरीही पेनल्टी. चांगली चढाई धरून मोडली तर पिवळं कार्ड. समोर उघडा गोल असताना धरलं तर लाल. २०१६ मध्ये डीमधल्या काही फाउलची शिक्षा सौम्य झाली, चेंडूसाठी प्रयत्न करताना चूक झाली असेल तर लालऐवजी पिवळं कार्ड द्यायचं ठरलं. धरणं, ओढणं आणि ढकलणं यांना ती सवलत मिळाली नाही, कारण शर्ट ओढणारा चेंडूसाठी प्रयत्न करतच नसतो.

आता मागच्या जानेवारीतली गोष्ट सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण असं एकाच गावात होत नाही. आमच्या शाळेच्या मुलींचा सामना होता. आपल्याकडे शाळांत फुटबॉल आला तो बराचसा २०१७ मध्ये. त्या वर्षी देशात १७ वर्षांखालचा विश्वचषक होता आणि १५ सप्टेंबरला सगळ्या महाराष्ट्रात एकाच दिवशी शाळांनी पोरांना फुटबॉल खेळायला मैदानावर उतरवलं होतं. ते पाहिलेल्या लहान मुली आता नववी-दहावीत आहेत. त्यांच्यातली एक आमच्या संघात उजव्या बाजूला फॉरवर्ड खेळते. अंगाने किरकोळ, पण पळायला लागली की मागे धूळ उरते. तिच्या अंगावर ४२ नंबरची जर्सी होती. संघाला मिळालेला अख्खा संचच ४० आणि ४२ नंबरचा होता, मोठ्या माणसांच्या मापाचा. बाह्या कोपराखाली, खालचा घेर मांडीवर.

दुसऱ्या डावात ती एकटी निघाली. समोर फक्त गोलकी. मागच्या मुलीने हात टाकला आणि पाठीवरचं कापड मुठीत धरलं. जर्सीचा गळा मागे ओढला जाऊन तिच्या घशावर रुतला, एका बाजूची शिवण गेली आणि खांदा उघडा पडला. मैदानाभोवती चार गावची माणसं होती. काही पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिने चेंडू सोडला, दोन्ही हातांनी जर्सी छातीशी धरली आणि तिथेच उभी राहिली. रेफ्री म्हणाले, "खेळा, खेळा." फाउल दिला नाही. चेंडू बाहेर गेला आणि थ्रो-इन झाला. तिच्या मैत्रिणी तिच्याभोवती कडं करून उभ्या राहिल्या, कुणीतरी स्वेटर आणून दिला. ती परत मैदानात आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील दुकानात आले. भला माणूस, दोन एकरांचा धनी. म्हणाले, "टेलरभाऊ, पोरीनं खेळावं असं मलेई वाटते. पण चार गावच्या लोकायसमोर तिचा कपडा खेचते, ते मी कसं पाहू?" मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी ती स्वतः जर्सी घेऊन आली. म्हणाली, "काका, शिवून द्या. पण टाइट नका करू, आई रागावते."

त्या दोन वाक्यांमध्ये हा सगळा पेच आहे. बाप म्हणतो कपडा ओढला जाऊ नये. आई म्हणते कपडा घट्ट असू नये. आणि सैल कपडा ओढला जाणारच. तेव्हापासून मी डोक्यात कात्री घेऊन फिरतो आहे.

मोठ्या फुटबॉलमध्ये हा विचार फार आधी झाला आहे, आणि टेलर म्हणून मला त्यात फार रस वाटला. १९८२ च्या विश्वचषकात बार्सिलोनाला ब्राझील आणि इटलीचा सामना झाला. इटलीचा बॅक क्लाउदिओ जेंतिले याने झिकोचा शर्ट असा ओढला की तो फाटला. झिकोने फाटका शर्ट पंचांना दाखवला, पण पेनल्टी मिळाली नाही. इटली ३-२ ने जिंकली. त्या काळचे शर्ट सैलसर होते. पुढे नव्वदच्या दशकात तर जर्स्या शिडासारख्या फुगलेल्या आल्या. मग २००० च्या युरो स्पर्धेत इटलीचा संघ काप्पा कंपनीची 'कोम्बॅट' नावाची जर्सी घालून उतरला. अंगाला चिकटलेली, ताणली जाणारी. तिच्यामागचा विचार सरळ होता : धरायला कापडच मिळू नये, आणि तरीही कुणी ओढलं तर ते इतकं ताणलं जावं की पंचाला लांबून दिसावं. इटली त्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेली. पुढच्या काळात मोठ्या संघांच्या जर्स्या एकूणच अंगाबरोबर आल्या.

कॅमेरूनने तर बाह्याच काढून टाकल्या. २००२ चा आफ्रिकी चषक त्यांनी बिनबाह्यांच्या जर्सीत जिंकला, पण त्याच वर्षीच्या विश्वचषकाला फिफाने तशी जर्सी चालवून घेतली नाही आणि त्यांना आत काळ्या बाह्या घालाव्या लागल्या. २००४ मध्ये ते शर्ट आणि चड्डी एकत्र शिवलेला अखंड पोशाख घालून आले. शर्ट बाहेर ओढलाच जाऊ नये, ही टेलरच्या डोक्यातून निघावी अशी युक्ती. फिफाने दंड केला आणि विश्वचषक पात्रता फेरीतले सहा गुणही कापले. गुण पुढे परत मिळाले, पोशाख मात्र गेला. चौथ्या नियमात शर्टाला बाह्या हव्यात, आणि शर्ट व चड्डी ही वेगवेगळी वस्त्रं मानली आहेत. म्हणून आपल्याकडे कुणाला अशी हौस आली तर आधीच सांगून ठेवतो, हा रस्ता बंद आहे.

आणखी एक रस्ता आहे, ओढला की फाटणाऱ्या शर्टाचा. कुणी मुद्दाम काढला नाही, पण घडला. २०१६ च्या युरोत फ्रान्सविरुद्ध लीलला खेळताना स्वित्झर्लंडच्या खेळाडूंचे शर्ट एकामागून एक फाटत गेले. ग्रानिट झाकाला तर एकाहून जास्त वेळा शर्ट बदलावा लागला. शर्ट बनवणाऱ्या पूमा कंपनीने नंतर सांगितलं की कापडाच्या एका खेपेत धागे खराब झाले होते. शर्ट फाटला म्हणून ओढणारे थांबले का? नाही. आपल्याकडे तर हा विचारही नको. आपल्या संघांकडे बदलीला दुसरी जर्सी नसते, आणि आमच्या त्या मुलीसाठी फाटणं हीच तर शिक्षा ठरली.

घट्ट कपड्याचीही मर्यादा मी बघितली आहे. ११ जुलै २०२१ ला वेंब्लीवर युरोचा अंतिम सामना होता. इंग्लंडचा बुकायो साका निसटून पुढे चालला होता, तेव्हा इटलीच्या कियेल्लिनीने मागून त्याच्या जर्सीचा गळा धरून त्याला खाली खेचलं. जर्सी नव्या पद्धतीची, अंगाबरोबरची होती. पाठीवर धरायला कापड मिळालं नाही तर हात गळ्यावर गेला. पिवळं कार्ड मिळालं, आणि कियेल्लिनीच्या संघाने चषक नेला. म्हणून मी असं म्हणणार नाही की कपडा नीट शिवला की ओढणं थांबेल. ठरवून ओढणारा ओढेलच. पण आपल्या मैदानावरचं बहुतेक ओढणं ठरवून केलेलं नसतं. ते माझ्यासारखं असतं, हात गेला आणि कापड लागलं. ते कापड कमी करणं माझ्या हातात आहे.

ज्युडोचा जाड कोट पाहिला असेल. तो धरण्यासाठीच असतो, म्हणून तो सैल, जाडजूड आणि दुहेरी शिवणीचा असतो. मॅटवरच्या कुस्तीचा सिंगलेट उलटा. तो अंगाला चिकटलेला असतो आणि तो धरायला नियमाने बंदी आहे. ज्या खेळात कपडा धरायचा आहे तिथं तो धरता यावा असा शिवतात, आणि जिथं धरायचा नाही तिथं धरता येऊ नये असा. आपण फुटबॉल खेळणाऱ्या तीस इंच छातीच्या पोरीला ४२ नंबरची जर्सी घालतो, म्हणजे तिच्या अंगाभोवती बारा इंच मोकळं कापड सोडतो. ते सगळं वाऱ्याने मागे जातं आणि पाठीवर लोंबतं. नकळत आपण तिला ज्युडोचा कोट घालून फुटबॉल खेळायला पाठवतो.

उन्हाळ्यात मी आमच्या शाळेच्या संघासाठी स्वतःच्या खर्चाने आठ जर्स्या शिवून पाहिल्या. मुलींची मापं माझ्या बायकोने घेतली. छातीच्या मापावर फक्त चार इंच सूट दिली. चार इंचांत श्वास घेता येतो, हात वर करता येतो, आणि कपडा अंगाला चिकटत नाही. आईने पाहिलं तरी तिला वावगं वाटत नाही. लांबी कंबरेच्या हाडाखाली पाच इंच, म्हणजे चड्डीत नीट खोचता येते आणि पळताना निसटत नाही. बाजूचे फाटे बंद केले. कॉलर काढली आणि गोल गळ्याला ताणली जाणारी अरुंद रिबची पट्टी लावली. कॉलर छान दिसते, पण ती हँडल आहे. शिवाय मागून ओढल्यावर घशावर रुतते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

कापडाचं थोडं सांगतो. आपण कापसाचे लोक आहोत, मलाही सुती कापडावर कात्री चालवायला आवडतं. पण फुटबॉलच्या जर्सीला सुती कापड नको. ते घाम पितं, जड होतं, खाली लोंबतं आणि दुसऱ्या डावापर्यंत धरायला अधिकच सोपं होऊन बसतं. बाजारात जो स्वस्त डॉटनिट मिळतो तो घाम धरत नाही, पण ताणला जात नाही, मुठीत बसतो आणि शिवणीवर फाटतो. लायक्रा मिसळलेलं, चारही बाजूंनी ताणलं जाणारं पॉलिस्टर थोडं महाग पडतं. त्याचा गुण असा की अंगाबरोबर असल्याने मुठीऐवजी चिमटीत येतं, चिमटीतून निसटतं, आणि नाही निसटलं तर तंबूसारखं ताणून वर येतं. ते साध्या शिलाईने शिवायचं नसतं. ताण आला की साधा दोरा तुटतो. त्याला चार दोऱ्यांचं ओव्हरलॉक आणि बोथट टोकाची सुई लागते. तुमच्या गावचा टेलर ओव्हरलॉक नसताना हे काम घेत असेल तर त्याला देऊ नका, मग तो मी असलो तरी.

पाठीवर, नंबरच्या खाली, मी दोन आडवे पांढरे पट्टे लावले. ही माझी स्वतःची कल्पना आहे. कापड ओढलं की सरळ पट्ट्याचं टोक होतं, बाण निघावा तसं. सरावाच्या वेळी मी समोरच्या टच लाइनवर उभा राहिलो आणि एका मुलीला दुसरीची जर्सी ओढायला सांगितली. पट्टा वाकलेला मला चष्म्याशिवाय दिसला. रेफ्री मागून पळत येत असतो, त्याला पाठच दिसते. मग पाठीनेच त्याला काय ते दाखवावं, असा माझा विचार आहे.

ज्या मुलींना आतून पूर्ण बाह्यांचा इनर आणि पायांना लेगिंग हवी असते, त्यांना ती मिळायला हवी. त्यावरून आपल्या स्पर्धांत उगाच वाद होतात. नियमाची मनाई नाही, फक्त रंगाची अट आहे : इनर जर्सीच्या बाहीच्या रंगाचा आणि लेगिंग चड्डीच्या रंगाची. संचाबरोबर त्याच रंगाचं सामान घेतलं तर सामन्याच्या सकाळी पंचांनी कुणाला परत पाठवायची वेळ येत नाही. मुली घरून जे असेल ते घालून येतात, कारण आपण त्यांना काही देत नाही.

पण कपड्याने दाखवलं आणि पंचाने पाहूनही सोडलं, तर माझी शिवण काय करणार? २०१८ च्या विश्वचषकात पहिल्यांदाच व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचांचे निर्णय तपासायची सोय, होता. तरीही इंग्लंड-ट्युनिशिया सामन्यात कॉर्नरच्या वेळी हॅरी केनला डीमध्ये मिठी मारून खाली पाडलं आणि पेनल्टी मिळाली नाही. इतके कॅमेरे असून. तिथं दिसत नव्हतं असं कोण म्हणेल? पुढे पनामाविरुद्धच्या सामन्यात अशाच धरपकडीवर शिट्टी वाजली, केनने गोल केला, आणि तेव्हा सगळ्यांना कळलं की हेही फाउलच आहे.

म्हणून पंच मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांना सांगा, शर्ट धरला की शिट्टी. मग पहिल्या कॉर्नरला, जिथं सगळ्यांचेच हात सगळ्यांच्या कमरेला असतात, ती खरोखर वाजवा. लोक ओरडतील. मैदानाच्या कडेने "काऊन बे, हे काय पोरीबाळीचं काम आहे का" असं कुणीतरी म्हणेल. तरी वाजवा. आपल्याकडे बऱ्याच सामन्यांना एकच रेफ्री असतो, लाइन्समन म्हणून कुणालाही झेंडा देऊन उभं करतात. त्या माणसाला निदान एवढं सांगा की ऑफसाइड कळली नाही तरी चालेल, पण हात शर्टावर गेला की झेंडा वर. मी स्वतः शनिवार-रविवार झेंडा धरायला येईन.

क्रीडाशिक्षकांनो, तुमच्याही तोंडून मी "धर तिले, जाऊ नको देऊ" असं ऐकलं आहे. तुम्हाला तिचा माग काढ असं म्हणायचं असेल, पण बारा वर्षांची मुलगी ते शब्दशः ऐकते. आणि सरावात संघ ओळखू यावेत म्हणून वरून घालतात ते बिब्स बघा. सगळ्यांना एकच माप, दोन्ही बाजू उघड्या, नाडीने बांधलेले. रोज संध्याकाळी तासभर लोंबता बिब समोर नाचत असेल तर हाताला सवय तिथंच लागते. ते माझ्याकडे पाठवा, बाजू शिवून देतो, शिलाई घेणार नाही.

आयोजक मंडळं आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे एक मागणी आहे. शालेय आणि तळागाळातल्या फुटबॉलमध्ये पिवळ्या कार्डाबरोबर खेळाडूला काही वेळ बाहेर बसवायची तरतूद नियमांत आहे, राष्ट्रीय संघटनेच्या परवानगीने. ही वेळ सामन्याच्या एकूण वेळेच्या १० ते १५ टक्के असते. आपले सामने बहुधा ६० मिनिटांचे, म्हणजे सहा ते नऊ मिनिटं. आपल्या पोरांना पिवळ्या कार्डाची भीती नाही, स्पर्धा तीन दिवसांत संपते. पण आठ मिनिटं दहा जणींनी खेळावं लागलं तर बाहेर बसलेल्या मुलीला तिच्याच मैत्रिणी समजावतील. शर्ट ओढण्यासाठी ही तरतूद आपल्या जिल्ह्यात लागू व्हावी, असा प्रस्ताव जिल्ह्यातून राज्य संघटनेकडे पाठवा. पाठवायला पैसे लागत नाहीत.

पैसे जर्सीला लागतात, ते मला मान्य आहे. पण आपल्या स्पर्धांत चार चार फुटांच्या ट्रॉफ्या असतात, मांडव असतो, पाहुण्यांचे शाल-श्रीफळ असतात. जर्स्या देणारे दाते मनाने मोठे आहेत, त्यांचा अपमान करायचा नाही. ते दुकानात फोन करून "दोन संच पाठवा" म्हणतात आणि दुकानदार ४० नंबरचे गठ्ठे पाठवतो, कारण त्याला कुणी माप दिलेलंच नसतं. दात्याचं नाव छातीवर मोठ्या अक्षरात येतं, जर्सी अंगावर येत नाही. तुम्ही दात्याकडे जाताना खेळाडूंच्या मापांची यादी घेऊन गेलात तर त्यांनाही खर्च तेवढाच येईल. लहान मापाला कापड उलट कमीच लागतं.

माझ्याकडून हे : या हंगामात जिल्ह्यातल्या पहिल्या चार मुलींच्या संघांच्या जर्स्यांची शिलाई मी घेणार नाही. कापड संघाने किंवा दात्याने द्यावं, कोणतं घ्यायचं ते मी सांगेन. पट्ट्याचा आणि गळ्याचा नमुना दुकानात टांगून ठेवला आहे, दुसऱ्या कुणा टेलरला तो कापून न्यायचा असेल तर खुशाल न्यावा. ज्यांच्याकडे जुने मोठे संच पडून आहेत त्यांनी टाकू नयेत. बाजूच्या शिवणी आत घेऊन, लांबी कापून ते बसवता येतात. नंबर वाकडा दिसेल, पण कापड हातात येणार नाही.

त्या मुलीची जर्सी मी शिवली. बाजू आत घेतल्या, गळा बदलला, आणि पाठीवर पट्टे लावले. तिच्या आईने ती हातात घेऊन, ताणून, उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "हे चालते." वडिलांनी अजून हो म्हटलेलं नाही. ते म्हणतात, रेफ्री शिट्टी मारते का ते आधी पाहतो. ते या वर्षी पहिल्या सामन्याला येऊन बसणार आहेत.

मापं कृपया दिवाळीच्या आत पाठवा. एकदा कापूस फुटला की मुली शाळा सुटल्यावर वेचणीला जातात आणि मापं घ्यायला कुणी सापडत नाही. छाती, कंबर, खांदा आणि पाठीची लांबी, एवढी चारच हवीत, इंचात. मुलींची मापं बाईंनी किंवा आईनेच घ्यावीत.

आपला,
एक टेलर
घाटंजी तालुका, जि. यवतमाळ